चाकांवरचा लेथ: लष्कराची फिरती यंत्रशाळा कशी चालते

पन्नास टनांचा रणगाडा जागीच खिळून राहायला शत्रूच्या तोफगोळ्याचीच गरज असते असे नाही. पट्ट्याची एखादी पिन झिजते, पंपाच्या शाफ्टवरची बेअरिंगची बैठक घासून सैल होते, किंवा इंजिनाच्या ब्लॉकमध्ये स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) तुटून अर्धा आतच अडकतो, आणि कोट्यवधींचे यंत्र बसून राहते. नवा सुटा भाग कोठारात असेलही. पण ते कोठार शेकडो किलोमीटर मागे असते, रस्त्यावर दारूगोळा, इंधन आणि शिधा यांना प्राधान्य असते, आणि तो भाग येईपर्यंत तुकडी पुढे निघून गेलेली असते. म्हणूनच गेल्या शतकभरात जगातील बहुतेक मोठ्या सैन्यांनी लेथ (धातूचा तुकडा गोल फिरवत हत्याराने कातणारे यंत्र), ड्रिलिंग मशीन, ग्राइंडर आणि वेल्डिंग सेट ट्रकच्या किंवा ट्रेलरच्या बंदिस्त खोलीत बसवून सैन्यामागोमाग फिरवले. या व्यवस्थेला येथे फिरती यंत्रशाळा म्हणू.

दुरुस्तीची गाडी आणि यंत्रशाळा यांतला फरक सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवा. पाने, जॅक, चेनपुली आणि सुटे भाग घेऊन जाणारी गाडी बिघडलेला भाग काढते आणि तयार भाग बसवते. यंत्रशाळा धातू कापते. जो भाग उपलब्ध नाही तो ती पोलादाच्या किंवा पितळेच्या दांड्यातून घडवते, किंवा झिजलेल्या भागावर वेल्डिंगने धातूचा थर चढवून तो पुन्हा मूळ मापाला कातून देते. त्यामुळे तिच्याबाबतचा प्रश्न ‘किती यंत्रे मावली’ एवढाच नसतो. चाकांवर फिरणाऱ्या, डगमगणाऱ्या खोलीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची अचूकता कशी आणायची, आणि मिळालेला वेळ कोणत्या भागासाठी खर्च करायचा, हे खरे दोन प्रश्न आहेत, आणि माझ्या मते दुसरा पहिल्यापेक्षा कठीण आहे.

कल्पना मोटारींच्या आधीची आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) तोफखान्याच्या प्रत्येक तुकडीबरोबर घोड्यांनी ओढायची एक फिरती भट्टी असे. तिच्यावर भाता असे, ऐरण असे, आणि चाकाच्या धावेपासून घोड्याच्या नालापर्यंत सगळे तिथेच दुरुस्त होई. पहिल्या महायुद्धात ट्रक आले, तोफांची रचना गुंतागुंतीची झाली, आणि लोहाराच्या हातोड्याने भागेनासे झाले. त्या युद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही सैन्यांनी लेथ आणि ड्रिलिंग मशीन बसवलेले ट्रक आघाडीच्या मागे उभे केले.

दुसऱ्या महायुद्धात ही व्यवस्था खऱ्या अर्थाने विस्तारली. अमेरिकेच्या अडीच टनी सहाचाकी जीएमसी ट्रकवर, ज्याची पाच लाखांहून अधिक वाहने तयार झाली, पोलादी खोली चढवून कामांप्रमाणे वेगवेगळ्या गाड्या बनवल्या गेल्या: वेल्डिंगची वेगळी, उपकरणांची वेगळी, छोट्या शस्त्रांची वेगळी, सुट्या भागांची वेगळी. त्यांतली एम-१६ ही मशीन शॉपची गाडी, म्हणजे आपल्या विषयातली. साउथ बेंड, लेब्लाँड, क्लॉझिंग या अमेरिकी कंपन्यांचे लेथ त्या काळी आणि नंतरही लष्करी गाड्यांत आणि ट्रेलरांत बसवले गेले. ब्रिटनने लेलँडच्या रिट्रीव्हरसारख्या तीन टनी ट्रकांवर अशाच ‘मशिनरी लॉरी’ उभारल्या. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन सैन्य बिघडलेले रणगाडे ओढून आणून भराभर दुरुस्त करून पुन्हा लढाईत उतरवत होते, आणि ब्रिटिशांच्या बाजूला हे काम अनेक शाखांमध्ये विभागलेले होते. १ ऑक्टोबर १९४२ रोजी ब्रिटनने रॉयल इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स ही स्वतंत्र शाखा स्थापन केली. त्याच महिन्याच्या २३ तारखेला अल अलामीनची दुसरी लढाई सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, भारतीय सैन्यातही तशीच शाखा उभी राहिली, जी आज ईएमई या नावाने ओळखली जाते. सोव्हिएत सैन्यातही अशा कार्यशाळा होत्या, आणि त्यांच्या नंतरच्या पिढ्या झिल-१३१ ट्रकवर बसवल्या गेल्या. तिथल्या अभियंत्यांनी जागेच्या टंचाईवर वेगळा तोडगा काढला: लेथ, मिलिंग (फिरत्या दातेरी हत्याराने धातू कापणे) आणि ड्रिलिंग ही कामे एकाच सांगाड्यावर करणारे एकत्रित यंत्र. अशा यंत्राने जागा वाचते. पण एका कामाची मांडणी मोडून दुसरी लावण्यात वेळ जातो, आणि एका वेळी एकच माणूस काम करू शकतो.

जागा किती तुटपुंजी असते याची कल्पना आकड्यांवरून येईल. रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाची रुंदी साधारण अडीच मीटरच्या आत ठेवावी लागते. भिंतींची जाडी वजा केली की आत जेमतेम सव्वादोन मीटर उरतात, आणि त्यातही माणसाला उभे राहून काम करायचे असते. म्हणून लेथ नेहमी एका भिंतीला लागून लांबीच्या दिशेने बसवतात. मध्यम आकाराच्या लेथचे वजन पाऊण ते एक टन असते, त्यामुळे समोरच्या भिंतीला कामाचे टेबल, ड्रिलिंग मशीन, ग्राइंडर आणि अवजारांचे जड कप्पे ठेवून तोल साधतात; तसे केले नाही तर गाडी एका बाजूला झुकते आणि वळणावर धोका वाढतो. लांब दांडा कातायचा असेल तर तो लेथच्या पोकळ स्पिंडलमधून (काम फिरवणाऱ्या मुख्य आसातून) मागे जातो, म्हणून काही गाड्यांत त्या बाजूच्या भिंतीला छोटे झाकण ठेवलेले असते. नंतरच्या काळातल्या खोल्यांच्या बाजूच्या भिंती बाहेर सरकतात किंवा खाली उघडून फळीसारख्या होतात, आणि थांब्यावर खोलीची रुंदी दुप्पट-तिप्पट होते.

इतक्या यंत्रांत लेथलाच पहिला मान का? कारण बिघडणाऱ्या भागांपैकी बहुतेक गोल असतात. पिन, बुश (भोकात बसणारी नळी), शाफ्ट, स्टड, स्पेसर (अंतर राखणारे कडे), पुली यांतला कोणताही भाग लेथवर कातता येतो. शिवाय लेथवर आटे पाडता येतात, आणि युद्धात आट्यांनी फार छळले आहे. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकी आट्यांचा ६० अंशांचा. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टवर दर इंचाला १२ आटे, तर त्याच जाडीच्या अमेरिकी जाड आट्यांच्या बोल्टवर १३. दोन्ही बोल्ट हातात घेतले तर सारखेच वाटतात, आणि एकाचा नट दुसऱ्यावर अडतो. दोन मित्रराष्ट्रे एकाच आघाडीवर लढत असताना ही विसंगती किती महागात पडली असेल ते सांगायला नको. अखेर नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकसमान आट्यांचा करार केला. तोपर्यंत, आणि जुनी वाहने वापरात होती तोपर्यंत, फिरत्या यंत्रशाळेतल्या टर्नरलाच, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिरालाच, हा तिढा सोडवावा लागे.

त्यात मेट्रिक आट्यांची भर पडली. लेथवर आट्यांचा अंतराल (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) ठरतो तो त्याच्या लीडस्क्रूच्या, म्हणजे हत्यार पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या, आट्यांवरून आणि मधल्या गिअरांच्या दातांच्या प्रमाणावरून. लीडस्क्रू इंचाच्या मापाचा, दर इंचाला ८ आटे असलेला, असेल, तर त्याचा अंतराल ३.१७५ मिलिमीटर होतो. त्यावर २ मिलिमीटरचा आटा पाडायचा तर २ भागिले ३.१७५, म्हणजे नेमके ८० भागिले १२७ हे प्रमाण लागते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ ला पाचने गुणले की १२७ येतात. १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे तिचे तुकडे पाडून लहान गिअरांनी काम भागवता येत नाही; जवळपासचे प्रमाण लावले तर आखूड नटापुरते निभावते, लांब स्क्रूवर चूक साचत जाते. इंची लेथच्या पेटीत १२७ दातांचा तो अवाढव्य गिअर दिसला तर तो दोन मापपद्धतींमधला पूल आहे असे समजावे.

आता अचूकतेकडे वळू, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे. कारखान्यात लेथ जाड काँक्रीटवर बसवतात आणि संवेदनशील स्पिरिट लेव्हलने त्याचा बेड, म्हणजे हत्यार ज्यावरून सरकते ती लांब बैठक, समतल करतात. पुष्कळांना वाटते की बेड पृथ्वीशी समांतर नसेल तर काम बिघडते. तसे नाही. संपूर्ण बेड एकसारखा कलला असेल, तरी लेथ बिनचूक काम करतो. समुद्रावर डोलणाऱ्या जहाजांतही लेथ चालतातच. बिघाड होतो तो बेडला पीळ पडला की, म्हणजे त्याचे एक टोक दुसऱ्या टोकाच्या तुलनेत किंचित फिरले की. लेव्हल वापरायची ती दोन्ही टोकांचा कल सारखा आहे की नाही हे पाहण्यासाठी.

पिळाचा परिणाम साध्या गणिताने दिसतो. समजा बेडची रुंदी २०० मिलिमीटर आहे आणि स्पिंडलचा मध्य बेडपासून १५० मिलिमीटर उंचीवर आहे. एका टोकाला बेडची पुढची कड मागच्या कडेपेक्षा फक्त ०.०४ मिलिमीटरने खाली गेली, तर त्या टोकाशी पोहोचलेले हत्यार ०.०३ मिलिमीटरने आडवे सरकते. हत्यार त्रिज्येत सरकले म्हणजे व्यासात दुप्पट फरक पडतो: ०.०६ मिलिमीटर. साध्या बुशला एवढा फरक चालून जाईल. पण ५० मिलिमीटरच्या शाफ्टवर बेअरिंग घट्ट बसवण्यासाठी जी प्रचलित मर्यादा वापरतात, तिच्यात सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान मापांतले अंतर केवळ ०.०१६ मिलिमीटर असते. म्हणजे कागदाच्या जाडीच्याही निम्म्याएवढ्या पिळाने शाफ्ट शंकूसारखा कातला जातो आणि बेअरिंग एका बाजूला ढिले, दुसऱ्या बाजूला आवळलेले बसते.

ट्रकची चौकट तर पिळण्यासाठीच बनवलेली असते. खड्ड्यात एक चाक गेले की चौकट थोडी वळते, आणि त्यामुळेच बाकीची चाके जमिनीवर टेकून राहतात. त्या चौकटीवर खोली घट्ट आवळली तर तो पीळ थेट लेथच्या बेडमध्ये उतरतो. यावरचा उपाय म्हणजे खोली तीन बिंदूंवर टेकवणे. तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर न डुगडुगता उभी राहते आणि तिच्या फळीला पीळ बसत नाही. तेच तत्त्व येथे लागू होते. पुढे दोन आणि मागे एक, किंवा उलट, असे आधार दिले की खालची चौकट वळली तरी वरची खोली एका तुकड्यासारखी हलते. बऱ्याच वेळा लेथसुद्धा खोलीच्या फरशीवर थेट न आवळता जाड पोलादी बैठकीवर बसवतात.

ही काळजी घेऊनही थांब्यावर पोहोचल्यावरचा पहिला अर्धा-पाऊण तास मांडणीत जातो. जमीन कडक असलेली जागा निवडायची, चारही कोपऱ्यांच्या जॅकखाली लाकडी ठोकळे ठेवायचे, टायर आणि स्प्रिंग यांवरचा भार काढून घ्यायचा. स्प्रिंगवर उभ्या असलेल्या गाडीत कोणी दारातून आत चढला तरी खोली हलते, आणि बारीक काप घेताना तो धक्का कामावर उमटतो. त्यानंतर जाड दांडा चकमध्ये (काम पकडणाऱ्या जबड्यांत) धरून, हत्याराची जागा न बदलता त्याच्या दोन टोकांवर हलके काप घ्यायचे आणि दोन्ही व्यास मायक्रोमीटरने (अतिबारीक माप घेणाऱ्या उपकरणाने) मोजायचे. फरक आला तर बेडखालचे बोल्ट सैल-घट्ट करून पुन्हा काप. अनुभवी टर्नर स्पिरिट लेव्हलपेक्षा या चाचणीवर जास्त विसंबतो, कारण ती बेडचा कल मोजत बसत नाही, प्रत्यक्ष काम कसे उतरते ते दाखवते.

तापमानाचा घोळ यात मिसळतो. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सिअसमागे साधारण ०.०११५ मिलिमीटर वाढते. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश मानलेले आहे. वाळवंटात खोली ४५ अंशांवर गेली तरी काम आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे असल्यामुळे दोन्ही सारखेच वाढतात आणि चूक थोडी राहते. परंतु नुकताच कातलेला, हाताला चटका देणारा १०० मिलिमीटरचा भाग मायक्रोमीटरपेक्षा २५ अंशांनी गरम असेल, तर तो जवळजवळ ०.०३ मिलिमीटर मोठा मोजला जातो. घाईत असलेल्या माणसाला शेवटच्या कापाआधी भाग थंड होऊ द्यायला लावणे हे शिस्तीचे काम आहे.

विजेची बाजू थोडक्यात सांगता येईल. यंत्रशाळा आपला जनरेटर सोबत नेते. कधी तो वेगळ्या छोट्या ट्रेलरवर असतो, कधी गाडीच्याच इंजिनावर चालतो. तीन किलोवॉटची मोटर थेट सुरू केली तर क्षणभर तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सातपट प्रवाह लागतो, म्हणून जनरेटर मोटरांच्या बेरजेपेक्षा बराच मोठा घ्यावा लागतो किंवा मोटर हळू सुरू करणारे उपकरण बसवावे लागते. गाडी रबरी टायरवर उभी असल्याने तिला आपोआप अर्थिंग मिळत नाही, त्यामुळे थांब्यावर जमिनीत सळई ठोकून गाडीचा सांगाडा तिला जोडणे हे वीज सुरू करण्याआधीचे काम. रात्रीचा उजेड ही लष्कराची खास अडचण. म्हणून दारांना काळे पडदे असतात आणि दार उघडताच दिवे बंद करणारा स्विच असतो.

ट्रक बरा की ट्रेलर, यावर एकच उत्तर नाही. ट्रकवरची यंत्रशाळा चिखलात, वाळूत सैन्याबरोबर राहते. पण तिचे इंजिन बिघडले की लेथही अडकून पडतो. ट्रेलर उभा करून ओढणारी गाडी दुसऱ्या कामाला मोकळी होते आणि ट्रेलरची फरशी खाली असल्याने जड वस्तू चढवणे सोपे जाते. परंतु वाईट रस्त्यावर लांब ट्रेलर मागे घेणे म्हणजे चालकाची परीक्षाच. अलीकडे वीस फुटी कंटेनरच्या मापाची खोली पसंत केली जाते. ती कोणत्याही योग्य ट्रकवर चढते, जहाजात रचता येते आणि जमिनीवर उतरवून वापरता येते. विमानातून न्यायची असेल तर मात्र उंची नडते, कारण सी-१३० या लष्करी मालवाहू विमानाच्या मालकक्षाची उंची सुमारे २.७ मीटर आहे आणि प्रमाणित कंटेनर जवळपास २.६ मीटर उंच असतो.

आता त्या दुसऱ्या, कठीण प्रश्नाकडे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने दुरुस्तीच्या पाच पायऱ्या ठरवल्या होत्या: पहिली स्वतः चालकाची, दुसरी तुकडीतल्या मेकॅनिकची, तिसरी पुढे फिरणाऱ्या दुरुस्ती कंपनीची, चौथी तिच्या मागच्या अवजड दुरुस्तीची, आणि पाचवी तळावरच्या कारखान्याची. फिरती यंत्रशाळा मधल्या पायऱ्यांवर बसते. तिच्या प्रमुखासमोर आलेल्या प्रत्येक कामाला चार वाटा असतात. भाग नव्याने घडवायचा, जुना सुधारायचा, दुसऱ्या निकामी वाहनातून काढून लावायचा, किंवा वाहनच मागे पाठवायचे. चांगला प्रमुख पहिली वाट सर्वात शेवटी निवडतो. निकामी रणगाड्यातून पंप काढायला दोन तास लागत असतील, तर पंपाचा शाफ्ट कातण्यात सहा तास घालवणे हे कौशल्य असले तरी शहाणपण नव्हे. याउलट तुटलेला स्टड काढून, भोक मोठे करून, त्यात आटे असलेली नळीसारखी बाही बसवली तर तासाभरात असे इंजिन वाचते जे एरवी तळावर रवाना झाले असते. फिरत्या यंत्रशाळेची खरी कमाई अशा बिनझगमगाटी कामांत असते.

काही कामे तिने करूच नयेत. कडक केलेल्या दातांचे गिअर कातता येतात, पण नियंत्रित भट्टीशिवाय त्यांना योग्य कडकपणा देता येत नाही. बेअरिंगचे गोळे आणि कडी, तोफेची नळी, स्प्रिंगा ही अशीच उदाहरणे. धातूची जातही ओळखता यावी लागते: मऊ पोलादाची पिन मूळ मिश्र पोलादाच्या पिनसारखीच दिसते, मापालाही चोख बसते, आणि पहिल्याच खडतर चढावर वाकते. म्हणून दांड्यांच्या टोकांना जातीप्रमाणे रंग देऊन ठेवतात, आणि कातताना रंग नसलेल्या टोकाकडून सुरुवात करतात. ही बारीक शिस्त मोडली की साठ्यातली प्रत्येक सळई संशयित ठरते.

ठरलेल्या चौकटीबाहेरची कामेही या तुकड्यांनी केली आहेत. १९४४ च्या जुलैत नॉर्मंडीतल्या मातीच्या जाड कुंपणांनी अमेरिकी रणगाडे अडवले, तेव्हा सार्जंट कर्टिस क्युलिन यांच्या नावाने ओळखली जाणारी पोलादी सुळ्यांची रचना दुरुस्ती तुकड्यांनी दोन आठवड्यांच्या आत पाचशेहून अधिक संख्येने तयार केली. त्यासाठीचे पोलाद जर्मनांनीच किनाऱ्यावर रोवलेल्या अडथळ्यांतून मिळाले. हे काम मुख्यतः कापण्याचे आणि वेल्डिंगचे होते. पण आराखडा, धातू आणि कारागीर एकाच ठिकाणी असल्याचा फायदा त्यातून स्पष्ट दिसतो.

संगणकाने चालणारी यंत्रे आल्यावर या खोलीचे रूप पालटू लागले. अमेरिकी लष्कराने ‘मोबाइल पार्ट्स हॉस्पिटल’ या नावाने कंटेनरमधली अशी यंत्रशाळा २००३ मध्ये कुवेतला पाठवली, आणि २०१२ मध्ये थ्री-डी प्रिंटर आणि संगणकीय मिलिंग यंत्र असलेली फिरती प्रयोगशाळा अफगाणिस्तानात नेली. ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने २०२० पासून धातूची पूड अतिवेगवान हवेच्या झोताने थरावर थर मारून भाग घडवणाऱ्या प्रिंटरच्या चाचण्या घेतल्या. त्यांत एम-११३ या चिलखती वाहनाच्या चाकाच्या बेअरिंगचे सुमारे दोन किलोंचे झाकण अर्ध्या तासाच्या आत छापले गेले. वेग डोळ्यांत भरतो, पण झोतातून बाहेर पडणारा भाग खडबडीत असतो: त्याला भट्टीत तापवावे लागते, बैठकीचे पृष्ठभाग कातावे लागतात, बोल्टांची भोके पाडावी लागतात. त्यामुळे प्रिंटरच्या शेजारच्या खोलीत पुन्हा लेथ किंवा मिलिंग यंत्र येते, आणि त्याच्याखाली पूर्वीसारखेच जॅक लावून खोली स्थिर करावी लागते. छापलेल्या भागाची मजबुती प्रत्येक वेळी तीच येईल याची खात्री अजून चाचण्यांनी पटवून द्यावी लागत असल्याने, असे भाग सध्या बहुधा झाकणे, कंस, पकडी अशा कमी जोखमीच्या जागी, मूळ भाग पोहोचेपर्यंतच्या काळासाठी लावले जातात.